उणे ऐंशी

माझे वडील एका सहकारी पतपेढीत रोखपाल होते. संध्याकाळी किर्द जुळली नाही तर ते जेवायला घरी येत नसत. आई ताट झाकून ठेवायची. कधी नऊ वाजता, कधी दहा वाजता सायकलची घंटी वाजली की आम्हा भावंडांना कळायचं, जुळलं. ‘दुसऱ्याचा पैसा म्हणजे विस्तव. सांडायचा नाही, आणि मुठीत धरूनही बसायचं नाही,’ असं ते म्हणत. पुढे मी स्वतः एका राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं काढली. वडिलांच्या वाक्यातला पहिला भाग मी जन्मभर पाळला. दुसरा भाग कानावरून गेला होता एवढंच.

बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत एका धर्मादाय वैद्यकीय संशोधन प्रतिष्ठानाने मला विश्वस्त म्हणून बोलावलं. खजिनदारपद माझ्याकडे दिलं. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. जे घडलं त्याचा बोजा माझा आहे आणि तो तिच्या नावावर जायला नको. मराठवाड्याच्या कडेच्या एका तालुक्यात, दोन डझन गावांतल्या बायकांच्या रक्तक्षयावर ही संस्था काम करते. ठरावीक वर्षांनी त्याच बायकांचं रक्त घ्यायचं, हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ तपासायचं, आणि उरलेला रक्तद्रव छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवायचा. उद्या एखादा नवा प्रश्न पडला तर त्याच बाईचं आठ वर्षांपूर्वीचं रक्त पुन्हा बघता यावं, यासाठी ती सोय.

मंडळात आम्ही नऊ जण. तीन डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक, औषधांचे एक ठोक व्यापारी, संस्थेला जमीन देणाऱ्या घराण्यातले दोघे भाऊ, आणि मी. कुणीही एक पैसा मानधन घेत नव्हतं. सगळे सज्जन. पण नऊपैकी एकाच्याही घरातल्या बाईचं रक्त त्या नळ्यांत नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या मनातही आली नाही.

माझं त्या वेळचं मत स्पष्ट होतं, आणि मी ते सभांतून बोलूनही दाखवत असे. विश्वस्ताचं काम पैसा राखण्याचं. विज्ञान शास्त्रज्ञांनी बघावं. ज्या विश्वस्ताला प्रयोगशाळेतलं कळत नाही त्याने तिथलं काही विचारू नये, आणि शास्त्रज्ञांनी आम्हाला पैशाचं शिकवू नये. अशी वाटणी असली की संस्था टिकते, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यामुळे आमचे तेव्हाचे अध्यक्ष मला समजत नसत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आयुष्यभर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवलेले डॉक्टर. दर बैठकीत मागचं इतिवृत्त कायम झालं की अण्णा एकच प्रश्न विचारायचे, ‘गेल्या तीन महिन्यांत आपल्यापैकी गावात कोण जाऊन आलं?’ बहुतेक वेळा कुणीच गेलेलं नसायचं. अण्णा मान डोलवून पुढच्या विषयाकडे वळायचे. मी मनात म्हणायचे, विषयपत्रिकेत नसलेला प्रश्न हा माणूस दर वेळी का विचारतो? अण्णा गेले, त्यानंतर तो प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही.

मी आले तेव्हा हिशेबांची अवस्था बरी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. देणग्यांच्या पावत्या एकीकडे, बँक जुळवणी तीन महिने मागे, अनुदानाचे पैसे आणि संस्थेचे स्वतःचे पैसे एकाच खात्यात. मी ते सगळं लावून दिलं. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेवर जायला लागले. आयकराच्या नियमाने वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्दिष्टावर खर्च करावा लागतो आणि १५ टक्क्यांपर्यंत बाजूला ठेवता येतो. ते १५ टक्के मी दर वर्षी न चुकता बाजूला काढले आणि मुदत ठेवीत टाकले. ठेवींचा तक्ता मी स्वतः हाताने लिहीत असे. त्या कामाची मला आजही लाज वाटत नाही. ज्या संस्थेचा हिशेब ढिला, तिथे विज्ञानही फार दिवस टिकत नाही, हे माझं मत तसंच आहे.

चूक त्याच्या पुढे झाली. एका वर्षीच्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळेच्या पानावर तीन ओळी होत्या. जनित्राच्या देखभालीचा वार्षिक करार, वीज गेली की जनित्र आपोआप सुरू करणारं पॅनेल, आणि फ्रीझरचं तापमान चढलं तर तिघांच्या मोबाइलवर फोन लावणारं यंत्र. मिळून १ लाख ८४ हजार रुपये. मी संचालकांना विचारलं, ‘गेल्या पाच वर्षांत जनित्र किती वेळा लागलं?’ ते म्हणाले, ‘बऱ्याच वेळा, पण थोडा थोडा वेळ.’ ‘म्हणजे चालतंय की. पुढच्या वर्षी बघू.’ ते म्हणाले, ‘मॅडम, एकदा जरी लागलं नाही तर...’ मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, ‘शास्त्राचं तुम्ही बघा, पैशाचं मला बघू द्या.’ टेबलाभोवती आठ जण होते. कुणी काही बोललं नाही. लाल शाईने मी तिन्ही ओळींवर रेघ मारली आणि अंदाजपत्रक सर्वानुमते मंजूर झालं.

त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या भागातलं रोहित्र जळालं. जनित्राची बॅटरी उतरलेली होती, ते लागलं नाही. फ्रीझरची शिट्टी वाजत राहिली. रखवालदाराने कार्यालयातल्या फोनवरून वहीत लिहिलेला क्रमांक लावला. तो क्रमांक दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता. प्रयोगशाळा भाऊबीजेपर्यंत बंद होती.

मी पोहोचले तेव्हा फरशीवर पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता. दोन्ही फ्रीझरची दारं उघडी होती, आतला बर्फ केव्हाच वितळून गेला होता, आणि लोखंडी कप्प्यांतून अजून थेंब गळत होते. टेबलावर नळ्यांचे खोके मांडलेले. त्याआधी इतक्या वर्षांत मी ती नळी कधी हातात घेतली नव्हती. करंगळीच्या दोन पेरांएवढी असते. वर निळं टोपण, आत फिकट पिवळं पाणी. चिकटपट्टीवर चार आकडे, गाव, घर, बाई आणि तारीख. काही पट्ट्यांवरची शाई पसरली होती. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ मुलगी एकेक नळी पुसून पुन्हा आपापल्या घरात, क्रमाने लावत होती. मी म्हटलं, ‘आता क्रम कशाला?’ ती म्हणाली, ‘सवय आहे मॅडम,’ आणि लावत राहिली.

संचालकांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ते एवढंच म्हणाले, की लोहाची एखादी तपासणी कदाचित अजून होईल, पण ज्यासाठी हे जपलं होतं ते आता यातून मिळणार नाही.

दुपारी गावात काम करणारी आमची कार्यकर्ती आली. तिला सगळे ताई म्हणतात. रक्त द्यायला बायकांना तयार करण्याचं काम तिचं. संस्थावाले रक्त काढून मुंबईला विकतात अशी वावडी एकदा उठली होती, तेव्हा ताईने चार लोकांसमोर आधी स्वतःचा हात पुढे केला होता. सासवांना समजावणं, नवऱ्यांना समजावणं, उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून पहाटे पाचला दारात उभं राहणं, हे सगळं तिने अकरा वर्षं केलं. ती बराच वेळ त्या खोक्यांकडे बघत उभी राहिली. मग तिने मला विचारलं, ‘मॅडम, हे तुमच्या वहीत किती रुपयांचं नुकसान धरलंय?’

तिच्या विचारण्यात टोचून बोलणं नव्हतं. मी हिशेब बघते हे तिला माहीत होतं आणि तिला आकडा हवा होता. गावात सांगायला.

मी घरी जाऊन वह्या काढल्या. फ्रीझर घसारा वजा जाता अजून वापरात, त्यांना काही झालं नव्हतं. नळ्या, सुया, टोपणं ज्या त्या वर्षी खर्ची पडलेली. गाडीभाडं, ताईचं मानधन, तपासणीचं साहित्य, सगळं त्या त्या वर्षाच्या खर्चात गेलेलं आणि मिटलेलं. आमच्या ताळेबंदात त्या नळ्यांची किंमत शून्य होती. त्या दिवाळीत काही बुडालं असं आमची एकही वही सांगत नव्हती. पुढच्या वर्षी लेखापरीक्षकांचा अहवाल आला तोही स्वच्छ, एकही शेरा नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एखाद्या स्वच्छ अहवालाची इतकी भीती मला वाटली नव्हती.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा मला बऱ्यापैकी पाठ आहे. पैसा कुठे गुंतवायचा ते कलम ३५ सांगतं. जमीन किंवा इमारत विकायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आमच्या आवारातला वीस गुंठ्यांचा पडीक तुकडासुद्धा मी परवानगीवाचून हलवू शकले नसते. आणि एवढ्या बायकांच्या अंगातून निघालेलं रक्त मी एका लाल रेघेने घालवलं होतं. त्यासाठी मला कुणाचीच परवानगी लागली नव्हती.

संचालकांनी नैतिकता समितीला रीतसर कळवलं. त्या निमित्ताने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मी पहिल्यांदा वाचली. तोवर नैतिकता समिती म्हणजे शास्त्रज्ञांचं प्रकरण, असं समजून मी तिच्या वाटेला गेले नव्हते. त्या तत्त्वांचा रोख असा की नमुन्याचा मालक तो देणारा माणूस, संस्था फक्त राखण करणारी. म्हणजे जे नातं मी आयुष्यभर ठेवीदार आणि बँक यांच्यात बघितलं, तेच इथे होतं. त्या बाया ठेवीदार होत्या. मी त्यांच्याकडे कधी तसं बघितलंच नव्हतं. मला ठेवीदार म्हणजे देणगीदार वाटत होते.

इथे मला जरा लांबचं सांगायचं आहे, कारण त्याच सुमाराला लंडनच्या वेलकम ट्रस्टचा इतिहास मी पुन्हा वाचायला घेतला. पुन्हा म्हणते, कारण बैठकांत मी वेलकमचा दाखला आधीपासून देत होते. माझ्या लहानपणी औषधाच्या पुड्यांवर ‘बरोज वेलकम’ असं नाव असायचं, ती ही कंपनी. हेन्री वेलकम हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १८५३ साली जन्मलेला माणूस. इंग्लंडात जाऊन सायलस बरोज याच्याबरोबर त्याने १८८० मध्ये औषधांची कंपनी काढली. १९३६ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्राने कंपनीची मालकी विश्वस्तांकडे गेली. कंपनीने कमवायचं आणि त्यातून वैद्यकीय संशोधनाला पैसा द्यायचा, अशी योजना. सुरुवातीची कित्येक वर्षं विश्वस्तांच्या हाती फार काही नव्हतं. वेलकमने हौसेने जमवलेल्या लाखो वस्तूंच्या संग्रहाची विल्हेवाट लावण्यातही त्यांची वर्षं गेली. नोबेल मिळालेले हेन्री डेल १९३८ पासून १९६० पर्यंत अध्यक्ष होते, म्हणजे विज्ञान जाणणारा माणूस शिरोभागी होता, तरी पैसा तोकडाच.

मग १९८६ मध्ये विश्वस्तांनी कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आणले. १९९२ मध्ये आणखी विकले, आणि १९९५ मध्ये उरलेला हिस्सा ग्लॅक्सोला विकून टाकला. आलेला पैसा अनेक ठिकाणी गुंतवला. वेलकम ट्रस्ट जगातल्या सगळ्यांत मोठ्या संशोधन-निधींपैकी एक झाला तो यातून. मी हाच भाग सांगत असे. बघा, विश्वस्तांनी मूळ धन कसं वाढवलं! बँकेच्या माणसाला ही गोष्ट आवडणारच.

आता वाचताना मला दुसरं दिसलं. ती कंपनी संस्थापकाच्या नावाची होती, त्याच्या हातची होती. ती विकली. २००० सालच्या आणखी एका विलीनीकरणात वेलकम हे नाव कंपनीवरून पुसलंही गेलं. माझ्यासारखी बाई त्या टेबलाशी असती तर तिने हे होऊ दिलं नसतं. संस्थापकाची वस्तू, तिला हात लावायचा नाही, असं म्हणून तिने त्या ठरावावर लाल रेघ मारली असती. त्या लोकांनी वस्तू सोडली आणि तिच्यामागचा हेतू धरून ठेवला.

त्याहून मोठी गोष्ट १९९८ ची. मानवी जनुकसंचाचा पूर्ण आराखडा वाचण्याचं काम अनेक देशांत सरकारी आणि धर्मादाय पैशावर चालू होतं. १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर वेलकमच्या पुढाकाराने बैठक झाली आणि तिथे शास्त्रज्ञांनी ठरवलं की वाचलेला मजकूर चोवीस तासांच्या आत सगळ्या जगासाठी खुला करायचा. १९९८ च्या मे महिन्यात क्रेग व्हेंटर यांनी जाहीर केलं की एका खासगी कंपनीमार्फत हेच काम ते तीन वर्षांत उरकतील. मग सार्वजनिक पैसा कशाला घालवायचा, असा प्रश्न निघाला, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. वेलकमच्या विश्वस्तांनी त्याच आठवड्यात आपला पैसा जवळजवळ दुप्पट केला. केंब्रिजजवळ जॉन सल्स्टन यांच्या केंद्राने संपूर्ण कामाचा एक तृतीयांश वाटा उचलावा म्हणून. आणि तो मजकूर रोजच्या रोज फुकट वाटला जात होता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तारण काही नाही, परतावा काही नाही, आणि माल ज्या दिवशी तयार होतो त्याच दिवशी वाटून टाकायचा. मी असं कर्जप्रकरण आयुष्यात मंजूर केलं नसतं. पण आज कुठल्याही देशातला संशोधक तो मजकूर कुणाला न विचारता उघडू शकतो, त्यामागे त्या आठवड्यातलं मूठभर विश्वस्तांचं ‘हो’ आहे.

याचा धागा आपल्याकडेही येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्याला वेलकमचा पैसा होता. जन्मलेली मुलं सरासरी २.७ किलोची, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने जास्त. पुढे मधुमेहाकडे झुकणारी शरीरं आईच्या पोटातच घडायला लागतात, हे त्या गावांनी जगाला दाखवलं. आयांमधली बी-१२ ची कमतरता ही गोष्टही तिथूनच पुढे आली. ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा तपासली, बारा वर्षांची झाली तेव्हा तपासली, अठराची झाली तेव्हाही. त्यांतली पुष्कळ आता स्वतः आईबाप होण्याच्या वयात आहेत. इतकी वर्षं ती गावं हात पुढे करत राहिली आहेत. मी हे वाचलं आणि वही मिटून बसले. आमच्या बायकांनीही अकरा वर्षं तेच केलं होतं.

एक मुंबईची गोष्टही तेव्हा वाचली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने न्यास केला आणि त्याच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगभरातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाला ठेवला. तेव्हा या आजाराला उपाय नव्हता, म्हणजे पैसा कधी फळेल याचा काहीच भरवसा नव्हता. त्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मोठ्या न्यासाच्या विश्वस्तांनी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं, ते १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे रोगनिदानाची बाजू आपल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सांभाळली. आणि १९५७ मध्ये ते रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं, १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. उभं केलेलं सोळा वर्षांत दुसऱ्याच्या हाती. मी पूर्वी हे वाचलं असतं तर हळहळले असते. आता रांगेत चटई टाकून बसलेली माणसं डोळ्यांसमोर येतात, आणि कुठल्या हाती ते रुग्णालय त्यांना पुरं पडलं असतं एवढाच प्रश्न मनात येतो.

हे वाचन नंतरचं. त्याआधी एक काम करायचं होतं. ताईबरोबर गावात जाऊन सांगायचं होतं. संचालक म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, रेघ माझी आहे.

समाजमंदिरात चाळीसेक बायका आल्या होत्या. मी उभी राहून सांगितलं की तुम्ही दिलेलं रक्त खराब झालं, वीज गेली होती, आणि विजेची पर्यायी सोय मी पैसे वाचवायला काढून टाकली होती. मी शब्द पाठ करून गेले होते, तरी घसा आवळला. मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावलं कुणी नाही. एकीने विचारलं, परत द्यावं लागणार का? दुसरी म्हणाली, बाईमाणूस एवढ्या लांबून सांगायला आली, बसा आधी, पाणी प्या.

मग मागच्या रांगेतली एक बाई उठून घरी गेली आणि एक कागद घेऊन आली. देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता, घड्यांवर तो फाटायला आला होता. आमच्याच संस्थेचा. वर बोधचिन्ह, खाली सगळा मजकूर इंग्रजीत. ती म्हणाली, ‘ह्यात काय लिवलंय ते सांगा. ताईनं सांगितलं व्हतं रगात कमी हाय, पण किती कमी ते न्हाई समजलं.’ मी वाचलं. हिमोग्लोबिन ८.२. तारीख सहा वर्षांपूर्वीची. बाईमाणसाचं बारा तरी असावं, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. विचारलं, गोळ्या दिल्या होत्या का? ‘दिल्या व्हत्या. काळी शी व्हायला लागली, मग भ्याले, बंद केल्या. परत कुणी इचारलं न्हाई.’ लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे एका वाक्याचं सांगणं होतं. ते सांगायला दुसरी फेरी लागली असती. दुसऱ्या फेरीचं गाडीभाडं मी कुठल्याशा वर्षी ‘अनावश्यक प्रवास’ म्हणून कमी केलं होतं. कुठल्या वर्षी, ते मला घरी आल्यावर वहीत सापडलं.

अण्णा दर बैठकीला का विचारायचे, ते मला त्या समाजमंदिरात समजलं.

पुढच्या बैठकीत मी तीन ठराव मांडले. गोठवलेल्या नमुन्यांची नोंदवही ठेवायची, आणि ती दर वर्षी ताळेबंदासोबत मंडळापुढे यायची. ज्या बाईचा अहवाल वाईट आला तिच्याकडे दुसरी फेरी झालीच पाहिजे, तो खर्च कापायचा नाही. आणि मंडळावर त्या गावांतली, रक्त देणारी एक बाई घ्यायची. पहिले दोन लगेच झाले. तिसऱ्यावर दोन बैठका गेल्या. एक सहकारी म्हणाले, आणि ते मला आदरणीय आहेत, ‘तिला ताळेबंद वाचता येईल का?’ मी म्हटलं, मला नळ्या वाचता येत नव्हत्या, तरी तुम्ही मला अकरा वर्षं ठेवलंत. ताळेबंद मी तिला शिकवीन. अखेर ठराव झाला. बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केला, तो मी स्वतः भरला.

नव्या विश्वस्त बाई पहिल्या दोन बैठकांत काही बोलल्या नाहीत. तिसरीत त्यांनी विचारलं, रक्त घ्यायला सकाळीच का येता, कामाच्या वेळी? उपाशीपोटी लागतं, असं संचालकांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग सुगीत नका येऊ, त्या दिवसाची मजुरी बुडते. अकरा वर्षं आम्ही बरोबर सुगीतच जात होतो, आमच्या अनुदानाचं वर्ष तेव्हा संपायचं म्हणून.

मला एक भीती अजून आहे आणि ती लपवत नाही. मी मुठी सैल केल्या, उद्या माझ्या जागी सैलच माणूस आला तर? हेतूच्या नावाखाली पैसे उधळणाऱ्या संस्था मी बँकेत असताना पाहिल्या आहेत, त्यांच्या कर्जखात्यांवर नोटिसा मी सह्या करून पाठवल्या आहेत. म्हणून माझी लाल शाईची लेखणी अजून पिशवीत असते. फक्त एखाद्या ओळीवर रेघ मारण्याआधी ती ओळ कुणाची आहे हे मी विचारते, आणि शक्य असेल तर जाऊन बघते. संचालकांचं वाक्य मी मध्ये तोडत नाही.

गेल्या महिन्यात नवं जनित्र, पॅनेल, फोन लावणारं यंत्र आणि जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या इमारतीत तिसरा फ्रीझर, असा खर्च मंजूर झाला. निम्मे नमुने इथे, निम्मे तिथे. पैसे उभे करायला एक मुदत ठेव मोडावी लागणार होती. कायम निधीतली नव्हे, मी १५-१५ टक्क्यांनी साठवलेली. मुदत पुरी व्हायला सात महिने बाकी होते, व्याजात नुकसान होणार होतं. मी ज्या शाखेत शेवटची चार वर्षं काढली तिथेच ती ठेव आहे. खिडकीपाशी नवा मुलगा होता, मला ओळखत नव्हता. पावती उलटसुलट करून म्हणाला, ‘मॅडम, सातच महिने राहिलेत. नक्की मोडायची?’ याच खिडकीत मी शेकडो माणसांना हेच विचारून परत पाठवलं होतं.

मी म्हटलं, ‘हो.’ आणि पावतीच्या मागे, तिकिटावर, सही केली.